लांब का?

आमच्या टेम्पोच्या मागच्या फाळक्यावर दोनच शब्द रंगवलेले आहेत: ‘लांब का?’ इतरांच्या गाडीमागे आईचा आशीर्वाद असतो, वाईट नजरवाल्याचं तोंड काळं केलेलं असतं, नाहीतर पोरांची नावं असतात. आमच्या मागे प्रश्न. बोईसरच्या नाक्यावर गाडी अडकली की मागचा मोटारसायकलवाला हमखास पुढे येतो आणि विचारतो, “भाभी, ये क्या लिखा है?” मी सांगते, “कुछ नहीं, हॉर्न बजाओ.” प्रत्येकाला खरं सांगत बसले तर खेप कधी टाकायची? खरं सांगायला जरा निवांतपणा लागतो. आज गाडी गॅरेजला आहे, म्हणून लिहायला बसले.

आम्ही बार्शीकडचे. इथले लोक आम्हाला देशावरचे म्हणतात, रागावले की घाटी म्हणतात. मला दोन्ही चालतं. देशावरचे म्हणजे देश सोडून आलेले, हा अर्थ कुणी काढत नाही, पण मला तो पहिल्या दिवसापासून पटलेला आहे. लग्नानंतर तीन वर्षं सासरच्या गावी काढली. मग नवऱ्याला तारापूरच्या वसाहतीत रंगाच्या कारखान्यात नोकरी लागली आणि आम्ही कुंभवलीत दोन खोल्या भाड्याने घेऊन राहिलो. घरमालकीण इथलीच, वाडीवाली. तिने पहिल्या दिवशी विचारलं, “तुमी भाकरी खाता ना?” मी खूश झाले. तिने आणली ती तांदळाची, पांढरीफटक. मी ती खाल्ली आणि ज्वारीच्या आठवणीने रडले. कपडे वाळायचे नाहीत, मिठाला पाणी सुटायचं, बाजारात हिंदी बोलावं लागायचं. वारा दर्याकडून आला की त्याला मासळीचा वास, वसाहतीकडून आला की औषधांचा. परदेश परदेश म्हणतात तो आणखी वेगळा काय असणार!

कारखान्यात कुठला रंग चाललाय ते मला मोरीत कळायचं. नवऱ्याच्या अंघोळीचं पाणी एक आठवडा निळं यायचं, एक आठवडा लाल. शेजारणी हसायच्या. म्हणायच्या, हिच्या घरी बारा महिने रंगपंचमी.

तरी हे ठिकाण मला आवडलं, आणि त्याचं कारण अगदी साधं आहे. आमच्या सासरी एक पद्धत होती. पुरुष माणूस गावाला निघाला की ‘कुठं निघालात?’ असं विचारायचं नाही. कुठं म्हटलं की काम अडतं, वाट अडते. फारच वाटलं तर ‘लांब का?’ एवढंच विचारायचं. सासूबाई हा नियम इतका पाळायच्या की सासरे तालुक्याला गेलेत की तीर्थाला, हे त्यांना ते परत आल्यावरच कळायचं. सुनेला मात्र हा नियम नव्हता. सून उंबऱ्याबाहेर पडली रे पडली की ओट्यावरून आवाज यायचा, “कुठं निघालीस?” कमरेवर घागर दिसत असायची, तरी विचारायच्या. हातात विळा असला तरी विचारायच्या. परसाकडे निघालेल्या बाईला कुठं म्हणून विचारल्यावर तिने काय सांगावं? तीन वर्षांत हा शब्द मी इतक्यांदा ऐकला, की कुणी तो उच्चारला की माझ्या पायांना आपोआप ब्रेक लागायचा. कुंभवलीत मला तो कुणीच विचारला नाही. मी भाजीला गेले, शिवणाच्या क्लासला गेले, मुलीला शाळेत सोडून अर्धा तास उगीच हिंडून आले. कुणी विचारलं नाही. ह्या एवढ्या सुखावर मी दमट हवा, तांदळाची भाकरी आणि मोरीतली रंगपंचमी सगळं सोसलं.

मुलगी सातवीत असताना कारखाना बंद पडला. दिराचं गावात खताचं दुकान आहे. त्याचा त्याच आठवड्यात फोन आला की या परत, दुकानात एक माणूस लागतोच आहे. नवऱ्याला ते पटलं होतं. तो माल पाठवण्याच्या खात्यात होता, अधूनमधून कंपनीची गाडीही चालवायचा. मी म्हटलं, “अहो, गाडी येते तुम्हाला. आपण आपली गाडी घेऊ.” तो म्हणाला, “धंदा आपल्या रक्तात नाही.” मी म्हटलं, “रक्तात निळा रंग तरी कुठे होता? आला ना?” मग तीन दिवस आम्ही बोललो नाही. म्हणजे मी बोलत होते, तो जेवत होता. चौथ्या दिवशी तो म्हणाला, “जूनपर्यंत. शाळा उघडायच्या आत जम बसला तर राहू. नाहीतर गावाला.” मी हो म्हटलं. त्या ‘नाहीतर’मध्ये काय काय होतं ते मला पक्कं माहीत होतं. ओटा होता, सासूबाई होत्या, आणि तो शब्द होता. आता तो माझ्या मुलीच्याही वाट्याला आला असता.

कारखान्याकडून हातात आलं त्यात आम्ही जुना छोटा हत्ती, म्हणजे हाच टेम्पो, घेतला. नारळ फोडला, चाकांखाली लिंबं ठेवली आणि नवरा बोईसरच्या टेम्पो स्टँडवर जाऊन उभा राहिला. पहिल्या आठ दिवसांत त्याला दोन भाडी मिळाली. एक लोखंडी कपाट आणि एका साखरपुड्याच्या खुर्च्या. तिथे नंबर असतो म्हणे, ज्याचा नंबर त्याचं भाडं. माझा नवरा नंबर पाळणारा माणूस. बाकीचे गिऱ्हाईक लांबून दिसलं की धावत जायचे, आणि हा आपला नंबर कधी येतोय याची वाट बघत स्टिअरिंग पुसायचा.

नवव्या दिवशी मी शिवणाचं काम बाजूला ठेवलं आणि त्याच्या शेजारी जाऊन बसले. स्टँडवरचे सगळे युपी-बिहारचे. एकजण म्हणाला, “क्या भैया, घर से ठेकेदार लाये हो?” मी म्हटलं, “ठेकेदार नहीं, मालकीण.” ते हसले, पण मला जागा करून दिली. दोन दिवसांत मला तो धंदा कळला. त्यात अवघड काहीच नव्हतं. कारखान्याच्या गेटातून कुणी बाहेर येऊन इकडेतिकडे बघायला लागला की त्याला पहिलं जो विचारेल, “कहाँ जाना है?” भाडं त्याचं. दर नंतर, वजन नंतर, आधी ठिकाण. ह्या धंद्याचा श्रीगणेशाच ‘कुठं’ने होतो. आणि आवाज तर माझा पहिल्यापासून खणखणीत. फोन आला की कुठं, माणूस दिसला की कुठं, कुणी नुसतं गाडीला टेकलं तरी कुठं. ज्या शब्दाचा मी जन्मभर राग केला तो माझ्याच तोंडात येऊन बसला, आणि मला पत्तासुद्धा लागला नाही. भाडी मिळायला लागली ना, मग कोण विचार करतो!

पण सुट्या भाड्यांवर घर चालत नाही. रोजचं बांधलेलं भाडं हवं. ते फेब्रुवारीत चालून आलं. किनाऱ्यावरच्या दांडी गावातल्या कोळणींची मासळी पालघरच्या बाजारात नेणारा म्हातारा टेम्पोवाला गाडी विकून मुलाकडे गुजरातला निघून गेला होता. आमच्या घरमालकिणीच्या दारी वर्षानुवर्षं मासे घालणारी कोळीण त्या बायांची पुढारी. घरमालकिणीने तिच्याकडे शब्द टाकला, आमच्या गरीब स्वभावाची हमी दिली (नवऱ्याच्या असावी), आणि दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन बघा असा निरोप आला.

आम्ही उजाडता उजाडता दांडीला पोचलो. मी अशी मासळी आधी पाहिली नव्हती. आम्ही मटण खाणारे लोक, आमच्याकडे मासा म्हणजे तळ्यातला एखादा. इथे किनाऱ्यावर ढीग होते. काही होड्या येत होत्या, काही निघाल्या होत्या. माझा हात आपोआप पदराकडे आणि पदर नाकाकडे गेला. तो मी खाली घेतला, पण पाहणाऱ्यांनी पाहिला. टोपल्या घेऊन सहाजणी उभ्या होत्या. मधली म्हातारी पुढारी असणार हे तिच्या उभं राहण्यावरूनच कळत होतं. मी टेम्पोतून उतरले आणि स्टँडवर देते तशी खणखणीत आरोळी दिली, “काय मावशी, कुठं जायचं?”

सगळं थांबलं. म्हातारीने डोक्यावरची टोपली उतरवून वाळूत ठेवली आणि तिच्या शेजारी बसली. मग बाकीच्या पाचहीजणी बसल्या. होडी ढकलणारा एक तरणा माणूस होडीचा काठ तसाच धरून आमच्याकडे बघत राहिला. म्हातारी त्याला म्हणाली, “तू जा, जा.” मग माझ्याकडे न बघता नवऱ्याला म्हणाली, “आज आमाला नाय जायाचं.”

“उद्या येऊ का?” नवऱ्याने विचारलं.

“नको.”

झालं. एवढंच. रिकामी गाडी घेऊन आम्ही परत निघालो. नवरा नुसता गिअर बदलत राहिला. तो बोलला असता तर मी भांडून तरी मोकळी झाले असते. संध्याकाळी कळलं की त्या तरण्या माणसाचं, म्हणजे म्हातारीच्या मुलाचं, जाळं त्याच दिवशी खडकाला लागून फाटलं. अख्ख्या दांडीत ते माझ्या नावावर चढलं.

घरमालकीण तावातावाने आली. “अगं, तुला काय तोंडाला आवर हाय का नाय? निगालेल्या मान्साला कुठं म्हनून इचारतात? लांब का म्हनावं! तुमच्याकडं नाय का असं?”

“आहे ना,” मी म्हटलं. “आमच्याकडेही आहे. पण ते पुरुषांना.”

तिने कमरेवर हात ठेवले. “मंग? बायांनी काय परत याया नको?”

नियम मला माहीत होता. चांगला पाठ होता. तो बायकांनाही लागू असू शकतो, हे माहीत नव्हतं. मला खूप राग आला. म्हातारीचा आला, घरमालकिणीचा आला, सासूबाईंचा आला, आणि सगळ्यात जास्त माझा. ज्याने माझी तीन वर्षं खाल्ली तेच मी एका म्हाताऱ्या बाईला तिच्या मुलासमोर भर किनाऱ्यावर केलं होतं. नवऱ्याला मी एवढंच म्हटलं की उद्या तुम्ही स्टँडवर जा, मी येत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी शेअर रिक्षाने एकटीच दांडीला गेले. म्हातारी घरामागे बांबूच्या दांड्यांवर बोंबील वाळत घालत होती. दोन-दोन बोंबील एकमेकांच्या तोंडात अडकवायचे आणि दांडीवर टाकायचे, असं ते काम. मी शेजारी उभी राहिले. माफी मागायचं ठरवून आले होते, पण माफी मागण्याचा मला सराव नाही. म्हातारीचं काम संपलं, तिने टोपली उचलली आणि चालू लागली. मी मागून म्हटलं, “लांब का, मावशी?”

ती वळली. मला वरून खालपर्यंत बघून घेतलं. “लांब नाय,” ती म्हणाली. “पानी आनाया चाललेय.” मग चार पावलं गेल्यावर तशीच पुढे बघत म्हणाली, “उद्या सकाली लौकर ये. आन नाकाला पदर लावशील तर बघ.”

त्यानंतरचे तीन महिने चांगले गेले. म्हातारी पुढे नवऱ्याशेजारी बसायची आणि मी मागे बाकीच्यांबरोबर टोपल्यांमध्ये. मागे माणसं बसवणं कायद्यात बसत नाही, पण कोळणीला तिच्या टोपलीपासून लांब बसवणं कुणाच्या बापाला जमत नाही. मी बोंबील, मांदेली, करली ओळखायला शिकले. मोरीतून आता रंगाऐवजी खवले जायला लागले. एक नुकसान झालं: गाडी सोड्याने धुतली, लिंबाने धुतली, तरी वास जाईना, आणि पावडरीच्या एका कारखान्याच्या वॉचमनने नाक धरून आम्हाला गेटातूनच परत पाठवलं. वसाहतीतली भाडी सुटली. मला त्याचं काही वाटलं नाही. बांधलेलं भाडं होतं ना! मी मुलीची आठवीची पुस्तकं जुन्या पुस्तकवाल्याकडे सांगूनसुद्धा ठेवली.

आणि एक गोष्ट मी कटाक्षाने पाळली. दांडीत कुणालाही, कशासाठीही, मी कुठं म्हणून विचारलं नाही. त्या सांगतील तेवढं ऐकायचं, नेतील तिथे जायचं.

मेच्या शेवटच्या आठवड्यात मागे टोपल्यांत बसलेली एकजण सहज म्हणाली, “आता आठ दिस रायले.”

“कशाला?”

“बंदीला. मंग दोन म्हयने होड्या वरती.”

मी हसले. मला वाटलं चेष्टा करतेय. समुद्र कधी बंद असतो का? मग बाकीच्याही हसल्या, आणि त्या कशाला हसतायत ते मला हळूहळू कळलं. पावसाळ्यात दर्यावर जात नाहीत, हे इथलं शेंबडं पोरही जाणतं. मासे तेव्हा अंडी घालतात, दर्या खवळलेला असतो, सरकारचीही बंदी असते. इतकी वर्षं समुद्रापासून चार पावलांवर राहून आम्हाला याचा पत्ता नव्हता. आम्ही मासे खात नव्हतो, विचारणार कशाला? आमच्या देशात जूनमध्ये सगळं सुरू होतं. पाऊस, पेरणी, शाळा, उधारी. जूनमध्ये काही बंद होत असेल हे आमच्या डोक्यातच येणं शक्य नव्हतं.

रात्री जेवताना मी नवऱ्याला सांगितलं. त्याने हात धुतले, पुसले. “ठरलं होतं,” तो म्हणाला. रागाने नाही, आनंदानेही नाही. आणि ते खरंच ठरलेलं होतं, मीच हो म्हटलेलं होतं. वसाहतीतली भाडी वासाने गेली होती, दोन महिने गाडी दारात उभी ठेवून खायचं काय? त्याने दिराला फोन लावला. मी ज्वारीच्या डब्यात तोंड घालून रडले, म्हणजे मुलीला दिसू नये म्हणून डब्यात ज्वारी किती उरलीय ते बघत राहिले. मला समुद्राचा राग आला. एवढ्या मोठ्या वस्तूचा राग येऊन काही उपयोग नसतो, पण आला.

निघायच्या दिवशी कपाट, शिलाई मशीन, गादीच्या वळकट्या, मुलीची सायकल असं सगळं टेम्पोत चढवलं, नवऱ्याने वरून दोरी आवळली. मुलगी घरमालकिणीपाशी थांबली. दांडीच्या बायांचे दोन मासळीचे क्रेट आमच्याकडे राहिले होते. ते द्यायचे, येऊन मुलीला घ्यायचं आणि मग सरळ हायवेला लागायचं, असा बेत होता.

किनाऱ्यावर होड्या वर ओढून ठेवलेल्या, त्यांच्यावर ताडपत्र्या. बाया म्हातारीच्या अंगणात बसून सुके बोंबील आणि जवळा पोत्यांत भरत होत्या. मी क्रेट खाली ठेवले. म्हातारीने गाडीकडे बघितलं. कपाट बघितलं, सायकल बघितली. मग हात लुगड्याला पुसत माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, “लांब का?”

माझ्या उभ्या जन्मात हे मला कुणी विचारलं नव्हतं. बाई म्हणून जन्माला आले तेव्हापासून कुठं, कुठं आणि कुठं. परत यावी म्हणून जिला कुठं विचारत नाहीत, अशी बाई मी कधी नव्हतेच. मी त्या अंगणात सगळ्यांसमोर भोकाड पसरलं. “लांब,” मी म्हटलं. “लांबच, मावशी.”

ती म्हणाली, “मंग आमचं सुकं कोन नेल?”

“सुकं?”

“हे काय!” तिने पोत्यांवर थाप मारली. “पावसात काय आमी उपाशी ऱ्हातो? सुकं घेवन जायाचं ऱ्हातं ना आठवडाभर!”

“कुठं?” मी म्हणाले.

तोंडातून निघून गेलं. सगळ्याजणींचे हात पोत्यात तसेच थांबले. मी माझ्याच तोंडावर हात दाबला. म्हातारीने आधी माझ्याकडे बघितलं, मग गाडीकडे, आणि म्हणाली, “मशीन हाय ना वरती? काढा ती, आन हिच्या तोंडाला टाके घाला कोनीतरी.”

अंगण हसून हसून आडवं झालं. मी रडत रडत हसत होते, ते फार वाईट दिसत असणार. मग कळलं ते असं. पावसाळाभर ह्या बाया सुकी मासळी घेऊन डोंगराकडच्या आठवडी बाजारांना जातात. मनोर, विक्रमगड, पार जव्हारपर्यंत. रोज वेगळा बाजार. पावसात तिकडे सुकटीशिवाय लोकांचं जेवण होत नाही. आधीचा म्हातारा टेम्पोवालाही तेच करायचा. आम्हाला हे माहीत असणारच, असं त्या धरून चालल्या होत्या. आणि मी विचारलं नव्हतं, कारण मी विचारणंच सोडलं होतं!

मी नवऱ्याकडे वळले. काय बोलावं, कसं पटवावं, जूनची मुदत कशी वाढवून घ्यावी, हे मनात जुळवत होते. तो गाडीपाशी उभा राहून दोरीची गाठ सोडत होता.

“काय करताय?” मी विचारलं.

“कपाट उतरवल्याशिवाय पोती बसायची कशी?” तो म्हणाला.

इतक्या वर्षांच्या संसारात त्याने मला दागिना केला नाही, फिरायला नेलं नाही. पण त्या एका वाक्यासाठी मी त्याला सगळं माफ केलं. दिराला फोन मात्र त्याने मलाच करायला लावला.

त्या पावसाळ्यात जव्हारच्या घाटाने नवऱ्याची कंबर धरली. मग मी गाडी शिकले. जवळच्या घिवली गावच्या मोकळ्या रस्त्यावर तो शेजारी बसायचा आणि मी गिअर टाकला की डोळे मिटायचा. लायसन झालं. आता घाटात मी चालवते, तो बाजारात पोती उतरवतो. पहिल्या पावसाळ्यानंतर गाडी रंगवायला टाकली तेव्हा पेंटरने विचारलं, मागे काय लिहायचं? मी सांगितलं. तो म्हणाला, “बस? इतना ही?” मी म्हटलं, इतनाच.

दिवाळीला सोलापूरकडचं एक भाडं आलं. वसाहतीतल्याच एका कुटुंबाचं, सामान घेऊन कायमचं गावी निघालेलं. त्यांचं कपाट चढवताना मला बरं वाटत नव्हतं. ते सामान त्यांच्या दारी उतरवून येताना आम्ही दोन दिवस सासरी थांबलो. काही बदललं नव्हतं. मी दुकानातून काड्यापेटी आणायला निघाले तर ओट्यावरून आवाज आला, “कुठं निघालीस?” मी म्हटलं, “काड्यापेटीला, आत्याबाई.” मनातून चिडले, पण सणासुदीचं कुठे बोलायचं! मुलीने दुपारी आजीला फाळक्यावरची अक्षरं वाचून दाखवली, दांडीची सगळी गोष्ट हातवारे करून सांगितली. सासूबाई तंबाखू मळत ऐकत होत्या.

निघताना सगळी गल्ली गोळा झाली, कारण मी स्टिअरिंगवर बसले होते. दीर म्हणाला, “वैनी, ब्रेक कुठला ते ठाऊक हाय ना?” मी म्हटलं, “न्हाय, तुम्ही पुढं उभं ऱ्हावा, बघते सापडतो का.” नवरा आणि मुलगी शेजारच्या एका सीटवर दाटीवाटीने बसली. मागे ज्वारीचं पोतं टाकलं होतं.

सासूबाई ओट्यावरून उतरल्या. माझ्या बाजूच्या खिडकीपाशी आल्या आणि दारावर हात ठेवला. त्यांना आम्ही कुठे चाललोय ते माहीत होतं, गल्लीतल्या कुत्र्यालाही माहीत होतं. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं, आणि मग सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात मला विचारलं, “लांब का गं?”

“लांब हाय, आत्याबाई,” मी म्हटलं. “येते.”

गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकायला मला क्लच दोनदा दाबावा लागला.